रिकाम्या डबीची येळवस

भीमाशंकरच्या गळ्यातली चांदीची डबी रिकामी होती, आणि ती रिकामी आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको उमादेवी. तिसरा जाणणारा वर बसलेला असतो, त्याच्यापासून काय लपतं? पण त्या तिसऱ्यावर भीमाशंकरचा भरवसा उरला नव्हता, म्हणूनच तर डबी रिकामी होती.

नांदेडच्या एका शाळेत तो विज्ञान शिकवायचा. लिंगायत घरातलं लेकरू. पाळण्यात असतानाच गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग आलेलं. तीसेक वर्षं ते छातीवर वागवलं, सकाळी अंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन पुजलं. मग एका सकाळी विभूती लावता लावता त्याच्या ध्यानात आलं, की आपण कुणाशीच बोलत नाही आहोत. समोर कुणी नाही. असं होतं, भल्याभल्यांचं होतं, कुणी ते मनातच गिळतं. भीमाशंकरनं गिळलं नाही. लिंग काढून कापडात गुंडाळलं, ट्रंकेत ठेवलं. भांडण नाही, तमाशा नाही. पुढं मित्रमंडळींत तो उघड बोलू लागला, एकदा भर चौकात भाषणही केलं. फक्त गावाकडं एक शब्द बोलला नाही. शिवरात्रीला परीक्षेचं निमित्त सांगितलं, दसऱ्याला तापाचं.

पण येळवस चुकवायची कशी? मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे लातूरकडच्या माणसाला सगळ्या सणांचा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात, लातूरची बाजारपेठ बंद होते, आणि पोटासाठी जो जिथं गेला असेल तिथून आपल्या रानात येतो. रानात कोप, म्हणजे कडब्याची खोपटी, उभी करायची, काळ्या आईला जेवू घालायचं, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन पिकाभोवती फेरा मारायचा, आणि मग सगळ्यांनी मांडीला मांडी लावून जेवायचं. त्यात यंदा अप्पांचा, म्हणजे त्याच्या वडलांचा, एसटीच्या कंडक्टरकडून निरोप आलेला : "ह्या येळवशीला यायचंच. बिंदगं औंदा तुझ्या डोक्यावर द्यायचं हाय."

बिंदगं म्हणजे ते आंबिलीचं मडकं. भीमाशंकरला कळत्या वयापासून ते अप्पांच्याच डोक्यावर दिसलं होतं.

निघायच्या सकाळी उमादेवी पिशवी भरत होती. तिच्या गळ्यात तिचं लिंग होतं; ती रोज पूजा करायची, आणि नवऱ्याला चहाही द्यायची. दोन्हींत तिला काही अडचण वाटत नव्हती.

"ट्रंकेतलं काढू का? घाला दोन दिवस."

"नको. मानत नाही तर घालायचं कशाला? लबाडी होते ती."

"मग मोकळ्या गळ्यानं जाणार? अव्वा कवेत घेतील, तवा पहिला हात कुठं लागंल?"

भीमाशंकर विचारात पडला. मग शिकलेल्या माणसाला जसा मार्ग सापडतो तसा त्याला सापडला.

"नुसती डबी घालतो. आत काही नको. डबी म्हणजे काय, चांदीचा दागिना."

उमादेवीनं त्याच्याकडं बघितलं. "रिकामी डबी घालणं हे कुठलं सायन्स हो, मास्तर?"

त्यानं दोरा गळ्यात घातला. डबी छातीला लागली ती गार लागली.

अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, फाट्यावर दोघं उतरली. फाट्याची पाटी नव्यानं रंगवली होती. जिल्हा नवा झालेला, 'जि. लातूर' ही अक्षरं ठळक; पण रंग पातळ बसल्यामुळं खालचं 'उस्मानाबाद' अजून डोकावत होतं. दोन्ही बाजूंची रानं मात्र एकसारखी. जवारी गुडघ्याच्या वर गेलीच नव्हती. करपलेली पानं वाऱ्यावर कागदासारखी वाजत होती.

उमादेवी बोलली तसंच झालं. शांतम्मानं, म्हणजे त्याच्या अव्वानं, दारातच त्याला कवेत घेतलं, पाठीवरून हात फिरवला, तो छातीवर आला आणि डबीवर थांबला. तिथं तिनं दोन बोटं टेकवली, मग ती कपाळाला लावली. "वाळलास रं लई," एवढंच म्हणाली. भीमाशंकरला वाटलं, आपण कुणाच्या तरी खिशात हात घातलाय.

आत अप्पा बसले होते. माणिकप्पा. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले होते. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण आवाज शाबूत होता. जन्मभर त्यांनी शिवकीर्तनात मागं टाळ धरलेला. बुवांनी चरण अर्ध्यावर सोडावं आणि माणिकप्पांनी मागून ते उचलावं, की अख्खा मांडव हलायचा. लहानगा भीमा त्यांच्या मांडीवरच झोपायचा आणि गजर चढला की जागा व्हायचा. अजूनही कुठं मृदंग वाजला तर त्याचा पाय आपोआप हलायचा. देव गेला होता, ताल राहिला होता.

"आलास? बस. आता माझी फिकीर मिटली," अप्पा म्हणाले.

येळवशीच्या सकाळी बैलगाडीत सामान चढलं. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरीची चवड, खीर, आणि कुंची घातल्यासारखं फडक्यानं तोंड बांधलेलं आंबिलीचं बिंदगं. गाय आटली होती, आंबिलीला ताक शेजारून आणलेलं. भज्जीत भाज्या कमी आणि चिंच जास्त. पाण्याचा एकच तांब्या शांतम्मानं पूजेसाठी राखला होता, आणि तो मांडीत धरून बसली होती.

गाडीत सिद्रामप्पा काकाही होते, अप्पांचे धाकटे भाऊ. लातूरच्या एका डाळ मिलवर मुनीम. जिल्हा झाल्यापासून कलेक्टर कचेरी जणू त्यांच्याच अंगणात आली होती.

"आता लातूर म्हंजे साधं न्हाई ऱ्हायलं," काका म्हणाले. "साहेब लोकं, जीपा, सगळं हाय."

"पाऊस कोन्या जिल्ह्यात टाकला?" शांतम्मानं विचारलं.

उमादेवी पदराआड हसली. काकांना ते लागलं. त्यांनी मोर्चा भीमाशंकरकडं वळवला.

"नांदेडच्या चौकात तू भाषण ठोकलं म्हने, भीमा. आमच्या मिलवर बिलोलीचा एक गडी येतो, त्यो सांगत व्हता."

अप्पांनी मान त्याच्या दिशेला वळवली. "भाषण? कशावर?"

"पावसावर, अप्पा." पाऊस का पडतो, नवसानं का पडत नाही, असंच ते भाषण होतं, तेव्हा निम्मं खरं होतं.

"पावसावर? मग आला का?"

गाडीत हशा पिकला. काकाही हसले, पण त्यांची नजर भीमाशंकरच्या गळ्यावरच्या दोऱ्यावर होती.

रानात तुराट्यांची कोप उभी होती. कडबा जनावरांना पुरत नव्हता, कोपीला कुठला घालणार? आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले. शेजारच्या रानांत बहुतेकांनी यंदा नुसता नारळ फोडून आटोपलं होतं. "पीकच न्हाई तर कशाची येळवस," असं गावात लोक म्हणत होते. अप्पांनी ऐकलं नव्हतं. "रान उपाशी हाय, म्हनूनच त्याला जेवायला घालायचं," असं त्यांचं म्हणणं.

पूजा झाली. भीमाशंकर हात जोडून मागं उभा राहिला. हात जोडायला काही लागत नाही. मनात म्हणाला, आता बिंदगं उचलायचं, फेरा मारायचा. मडकं वाहणं म्हणजे काय, कामच. संध्याकाळपर्यंत सुटलो.

"भीमा, हिकडं माझ्यासमोर बस," अप्पा कोपीबाहेर येऊन बसत म्हणाले. "आदी लिंग, मग बिंदगं."

"म्हणजे?"

उत्तर काकांनी दिलं. "आपल्या घरची रीत हाय. देनारा आन घेनारा, दोघांनी लिंग हातावर घ्यायचं. देनाऱ्यानं आपल्या लिंगावरचं पानी घेनाऱ्याच्या लिंगावर सोडायचं. आमच्या बापानं अण्णाला, तुझ्या अप्पाला, असंच दिलं. तुझ्या जल्माच्या आदीची गोष्ट हाय, तुला कशी ठाव असंल?"

अप्पांनी आपली डबी उघडली. काळंभोर लिंग डाव्या तळहातावर घेतलं. शांतम्मानं तांब्या पुढं केला, त्यांनी चाचपून धरला. "काढ, भीमा."

भीमाशंकरनं उमादेवीकडं बघितलं. ती कोपीच्या दाराशी उभी होती, हातात भाकरीची टोपली. तिच्या डोळ्यांत एकच वाक्य होतं : तुम्हीच म्हणालात, नको.

समोर आंधळा बाप, त्याच्या दोन्ही बाजूंना अव्वा आणि काका. पळून जायचं तर कुठं? सगळं रान उघडं. अशा वेळी माणसाच्या हातून जे होतं ते आधी होतं आणि कळतं मागून. "वारं लई हाय," असं काही तरी पुटपुटत त्यानं पाठ फिरवली, खांद्यावरचा शेला पुढं ओढला, आडोशानं डबी उघडली, आणि खाली वाकून पायाजवळचं एक काळं ढेकूळ उचललं. लहानसं, गोलसर. पाण्याविना जमीन अशी कडक झालेली की ढेकूळ दगडासारखं लागत होतं. ते डाव्या तळहातावर ठेवून, शेल्याची कड हाताला तशीच आडवी धरून तो वळला.

"घेतलंस?"

"हाव."

अप्पांच्या ओठांत मंत्र होता, पण कानाला तो कीर्तनातल्या चरणासारखा लागायचा. त्यांनी लिंग धरलेला डावा हात चाचपत मुलाच्या हातावर आणला, आणि उजव्या हातातल्या तांब्यातून आपल्या लिंगावर सोडलेलं पाणी त्यावर निथळू दिलं. एक धार. अजून एक धार.

काळी माती पाणी कशी पिते हे भीमाशंकर दरवर्षी सातवीच्या वर्गाला शिकवायचा. फळ्यावर आकृती काढून शिकवायचा. ढेकूळ आधी चकाकलं. मग त्याच्या कडा ढिल्या पडल्या. मग ते त्याच्या तळहातावर हळूहळू बसायला लागलं. त्या अख्ख्या रानात, त्या अख्ख्या शिवारात, ओली माती तेवढी त्याच्या हातावर होती आणि तिचा वास सुटला होता. पहिल्या पेरणीचा वास.

विभूती लावायला अप्पांचा अंगठा आला आणि चिखलात रुतला.

अंगठा तसाच राहिला.

"काय झालं, अण्णा?" काकांनी मान पुढं काढली.

अप्पांनी आपलं लिंग डबीत ठेवलं आणि दोन्ही हातांनी मुलाची बोटं एकेक करून मिटली. मूठ घट्ट दाबली.

"काय न्हाई. झालं. मूठ उघडू नको. बिंदगं घे."

काकांनी बिंदगं उचलून त्याच्या डोक्यावर दिलं. अंगावर घोंगडी आली. उजव्या हातानं मडकं धरलेलं, डाव्या हाताची मूठ मिटलेली. आणि उजव्या खांद्यावर अप्पांचा हात. आंबील मागच्यानं शिंपडायची असते; ते काम अप्पांनी कुणाला दिलं नाही. डोळे नसलेला बाप मागं, दोन्ही हात अडकलेला लेक पुढं, अशी जोडी बांधाला लागली. फेऱ्याला एक आरोळी असते, निम्मी कानडी, निम्मी कशाची कोण जाणे; अर्थ गावात कुणालाच सांगता येत नाही. अर्धी शिंपडणाऱ्यानं द्यायची, अर्धी पुढच्यानं पुरी करायची. आज अप्पा ती देत नव्हते. निंबाचा डहाळा मडक्यात बुडायचा, करपलेल्या जवारीवर आंबिलीचे थेंब पडायचे, टप टप वाजायचे.

पार टोकाच्या बांधावर, जिथून कोप मुठीएवढी दिसते तिथं, भीमाशंकरला राहवलं नाही.

"अप्पा, डबी रिकामी हाय."

"कळलं ते मला."

"वर्ष होत आलं. मी मानत नाही. काहीच मानत नाही."

खांद्यावरचा हात थांबला, म्हणून पायही थांबले. अप्पांचा आवाज आला तो टाळकऱ्याचा नव्हता, थकलेल्या माणसाचा होता.

"मग माझ्या हातचं पानी कशाला घेतलंस?"

"तुम्हांला दुःख नको म्हणून."

"आन आता सुख झालं का?"

भीमाशंकरनं डोक्यावरचं मडकं सावरलं.

"नांदेडच्या चौकात बोललास. परक्या मानसांपुढं. तिथं तोंड उघडलं, आन बापाफुडं ढेकूळ धरलंस." अप्पांचा श्वास लागला. "तू न्हाई म्हनला असतास तर मी रडलो असतो. दोन दिस जेवलो नसतो. पर ते तुझं खरं असतं. आता माझ्या हाताला काय लागलं? चिखल."

"बिंदगं खाली ठेवू का?" त्याला खरोखरच ते खाली ठेवायचं होतं. मडकं, घोंगडी, मूठ, सगळं.

"फेरा अर्धा झालाय. मधात ठेवायचं नसतंय."

"मी मानत नसलो तरी?"

"तू मानत न्हाईस. मला दिसत न्हाई. मी एकटा माघारी जाऊ शकत न्हाई, आन तू मला हितं टाकून जाऊ शकत न्हाईस." अप्पांनी खांदा पुढं लोटला. "चल."

आणि तो चालला. दुसरं करणार काय? वाटेत अप्पांनी आरोळीचा पहिला अर्धा भाग दिला, सवयीनं, हळू. तो हवेत तसाच लोंबकळत राहिला. भीमाशंकर ओठ घट्ट मिटून चालत होता. अप्पांनी पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा आवाज चरणाच्या शेवटावर फाटला, आणि अर्धवट सुटलेला ताल भीमाशंकरला सोसवेना; त्याच्या तोंडून उरलेला अर्धा निघून गेला. मोठ्यानं. कोपीजवळची माणसं वळून बघू लागली. त्यालाच त्याचा राग आला.

बिंदगं कोपीपुढं उतरवलं. आता सुटलो म्हणून तो घोंगडी काढतो, तोच काका पुढं आले. शेला सरकला होता. गळ्यातली डबी उघडीच राहिली होती, झाकण लोंबत होतं, आणि आत दिसायला काही नव्हतं.

"भीमा, लिंग कुठं हाय?"

शांतम्माच्या हातातली पळी थांबली.

"बोल की. डबी मोकळी हाय. अण्णा, म्या म्हनत व्हतो ना, त्या बिलोलीच्या गड्यानं—"

"माझ्यापाशी हाय," अप्पा म्हणाले. "मीच ठेवून घेतलंय. दोरा कच्चा व्हता."

भीमाशंकरनं बापाकडं बघितलं. या माणसानं जन्मात खोटं बोललेलं त्याला आठवत नव्हतं. आज येळवशीच्या दिवशी, पाच दगडांपुढं, विभूती लावलेल्या कपाळानं तो खोटं बोलत होता, तेही ज्यानं हाताला चिखल दिला त्याच्यासाठी. अप्पांचा हात कंबरेच्या कनवटीवर गेला होता, जणू तिथं खरंच काही आहे.

सगळ्यात सोपं होतं ते गप्प राहणं. एवढा एक क्षण गेला की जेवण, आणि जेवण झालं की एसटी.

"नाही, काका," भीमाशंकर म्हणाला. "अप्पांपाशी काही नाही. लिंग नांदेडला ट्रंकेत आहे. मीच काढून ठेवलंय." त्यानं मूठ उघडली. बोटांचे ठसे उठलेला काळा गोळा. "ही आपल्या रानातली माती आहे. मी देव मानत नाही. अप्पांना आत्ता बांधावर सांगितलं. अव्वा, तुला आता सांगतोय."

शांतम्मा पळी ठेवून खाली बसली. काकांचा आवाज चढला : ह्याच्या डोक्यावर बिंदगं दिलं, रान बाटलं, औंदाचं पीक—

"औंदाचं पीक आदीच गेलंय, सिद्राम," अप्पा म्हणाले. "त्याच्या नावावर घालू नको."

मग ते मुलाच्या आवाजाच्या रोखानं आले, त्याचा हात शोधला, तळहातावरचा गोळा दोन बोटांनी उचलला. चाचपत कोपीत शिरले. पाच दगडांच्या ओळीपाशी वाकून त्यांनी तो शेवटच्या दगडाशेजारी ठेवला आणि त्यावर विभूतीचं बोट ओढलं.

"अप्पा, नको ना," भीमाशंकर कळवळून म्हणाला. "मी आत्ताच काय सांगितलं?"

"आयकलं म्या. तू तुझं केलंस, मला माझं करू दे. माझ्या हातचं पानी पडलंय त्याच्यावर. ते मी पायाखाली कसं टाकू?"

'नाही' म्हणावं तर ते 'नाही'सुद्धा हे लोक कोपीत नेऊन ठेवतात, त्याला विभूती लावतात. शिवी दिली असती, हाकलून दिलं असतं, तर तो निदान ताठ मानेनं फाट्यापर्यंत चालत गेला असता.

शांतम्मा उठली. डोळे पुसले. तिनं पत्रावळ मांडली, भज्जी वाढली, उंडा ठेवला. पत्रावळ भीमाशंकरच्या पुढं सरकवली, आणि आज पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं न बघता म्हणाली, "बस. जेव."

"अव्वा—"

"बोलू नको माझ्यासंगं. जेव."

तो बसला. काका दूर जाऊन पाठमोरे बसले, पण पत्रावळ त्यांनीही मागून घेतली. येळवशीला कुणी उपाशी जात नाही. उमादेवी आंबील ओतायला वाकली तेव्हा तिनं त्याच्या डाव्या हाताकडं बघून हळूच म्हटलं, "हात धुवा की."

भीमाशंकरनं तांब्याकडं बघितलं. तांब्या पालथा पडला होता. राखलेलं पाणी सगळं ढेकळावर गेलं होतं.

तो उजव्या हातानं जेवू लागला. डावा मांडीवर उताणा ठेवला. उन्हानं माती वाळत होती आणि वाळता वाळता तळहाताची कातडी आत ओढून घेत होती. पलीकडं अप्पा जेवता जेवता काही तरी गुणगुणत होते. चरण अर्ध्यावर आलं की थांबायचे, कान द्यायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.